अर्थिंगची पट्टी कोण सैल करतंय

गल्लीत त्याला समोर मिस्त्री म्हणायचे आणि पाठीमागं खात्री मिस्त्री. जुन्या गाड्यांच्या वायरी तपासता तपासता नजरच तशी झालेली. दुकानातून सीलबंद आलेली बॅटरी असली तरी आधी मीटर लावणार. मीटरचाही भरवसा नाही म्हणून होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब घेऊन पुन्हा बघणार. घरात बायकोनं गॅस बंद केला म्हटलं तरी उठून बघून येणार. ती म्हणायची, लग्नात मला मीटर लावला नाही हेच माझं नशीब.

अशा माणसाच्या हातची गाडी तीनदा बंद पडली, आणि तीही एकाच घरातली.

गाडी उस्तादांची. उस्ताद म्हणजे समोर राहणारे निवृत्त बसड्रायव्हर. एकतीस वर्षं बस हाकली, साधा ओरखडा उठला नाही. त्यांची मुलगी डोंगरापलीकडच्या गावात बाळंत झालेली. नातवाला कधी बघते असं त्यांच्या बायकोला, वहिनींना, झालेलं. दर खेपेला पिशव्या भरायच्या, सगळी निघायची, उस्ताद किल्ली फिरवायचे आणि गाडी नुसतं टक करून गप्प. दिवे झगझगीत, हॉर्न खणखणीत, स्टार्टर तेवढा मेलेला.

पहिल्या खेपेलाच मिस्त्रीनं दोष धरला होता. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनाला लावली आणि किल्ली फिरवायला सांगितली. जिथं अर्धा व्होल्टही दिसायला नको तिथं चार दिसले. म्हणजे करंट जातोय, पण माघारी यायला वाट नाही. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी असते, तिचा नट सैल होता. जुनी गाडी, हादऱ्यानं झाला असेल म्हणून त्यानं पट्टी घासली, नट आवळला, गाडी चारदा सुरू करून दाखवली. आठ दिवसांनी तोच नट सैल. नवा वायसर घातला. पंधरा दिवसांनी पुन्हा सैल.

तिसऱ्या खेपेला उस्तादांचा पोरगा गल्लीत चार माणसांदेखत म्हणाला, "मिस्त्री, दुरुस्ती करता का पुढच्या दुरुस्तीची सोय करून ठेवता?"

गल्लीतला शिंपी खाली मान घालून हसला. दुसऱ्या दिवशी शाळेचा व्हॅनवाला, जो दहा वर्षं याच्याकडंच यायचा, तो न थांबता पुढं गेला. मिस्त्रीला जेवण गोड लागेना. नावातली खात्रीच गेली तर उरलं काय? नुसता पाना धरणारा हात.

मग त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. पोराला जुनी गाडी काढून नवी घ्यायची होती, त्याचं काम असेल. घरात उस्तादांशिवाय फक्त सूनबाईला गाडी येत होती, लायसन होतं, पण उस्ताद तिला स्टिअरिंगला हात लावू देत नव्हते, त्या रागानं तिनं केलं असेल. कोपऱ्यावरचा बॅटरीवाला तर याचं वाईट व्हावं म्हणून टपलेलाच. एका रात्री त्यानं वहिनींवरही संशय घेतला आणि स्वतःलाच शिवी घातली. मग स्वतःवर घेतला. वय झालं, आपणच नट अर्धवट सोडतो की काय?

त्यानं बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली मागितली. गाडीला लावायचीय म्हटल्यावर ती म्हणाली, लावा, हातही पिवळे करून टाका तिचे. मिस्त्रीनं नट पुरा आवळला आणि नट व बोल्ट दोन्हींवरून लाल रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या खेपेच्या सकाळी पुन्हा टक. मिस्त्री टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला. रेघ तुटलेली. नट आख्खा एक आटा फिरलेला, आणि त्याच्या कोपऱ्यांवर पान्याची ताजी चमक. उभी गाडी कुठला हादरा खाते? कोण घाम पुसतंय, कोण नजर चुकवतंय, एवढंच बघत बाहेर आला.

पोरगा आणि सूनबाई पिशव्या आणायला आत गेली होती. उस्ताद सीटवर बसलेले. मिस्त्रीनं लांब वायरींचा मीटर खिडकीतून त्यांच्या मांडीवर दिला आणि म्हणाला, मी टोक धरतो, तुम्ही किल्ली फिरवून आकडा सांगा.

"चार," उस्ताद म्हणाले.

मिस्त्री बॉनेटखाली वाकलेला तसाच थांबला. वायरीचं टोक अजून त्याच्या बोटातच होतं, इंजिनाला लागलंच नव्हतं.

"नीट बघून सांगा, उस्ताद."

"चार म्हटलं ना. दर खेपेला चारच येतात."

मिस्त्री खिडकीशी गेला. मीटर आपोआप बंद पडलेला. काच कोरी. आकडाच नव्हता.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग उस्ताद हळूच म्हणाले, "समोरून एक गाडी आली की मला दोन दिसतात. घाटात कशी नेऊ? आणि घरात कुठल्या तोंडानं सांगू? नट सैल केला तर गाडीच नाही म्हणते. कुणाचं काय जातंय?"

"माझं जातंय," मिस्त्री म्हणाला.

त्यानं उस्तादांना खाली उतरवलं, हात धरून बॉनेटपाशी नेलं आणि त्यांचं बोट रेसच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरच्या तारेवर ठेवलं. वरचं प्लास्टिक वितळून खरखरीत झालेलं. परतीची वाट तोडली की करंट दुसरी शोधतो, त्यानं समजावलं, तो या तारेतून गेला आणि तार भाजली. अशीच कधी गाडी सुरू झाली असती आणि घाटात रेस अडकून बसली असती, तर आत बसलेल्यांना कोण सोडवणार होतं? उस्तादांचं बोट तिथंच राहिलं.

वहिनी पिशव्या घेऊन दारात आल्या. मागून पोरगा म्हणाला, झालं का यांचं नाटक सुरू?

"गाडी तासाभरात चालू होईल," मिस्त्री म्हणाला. "का बंद पडत होती ते उस्ताद सांगतील."

आणि हाताची घडी घालून उभा राहिला. म्हातारा टोपी फिरवील असा त्याला संशय होता. उस्तादांनी दोनदा घसा साफ केला, शर्टाचं बटण चाचपलं, आणि मग डोळ्यांपासून पान्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. वहिनी पिशवीवरच बसल्या. म्हणाल्या, आणि मी महिनाभर या बिचाऱ्याच्या नावानं बोटं मोडतेय. पोरगा आत गेला आणि पाण्याचा तांब्या आणून मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवला. माफी त्याच्या तोंडून निघाली नाही, मिस्त्रीनंही मागितली नाही. पाणी मात्र प्याला.

उस्तादांनी किल्ली सूनबाईपुढं धरली. ती घेईना, त्यांनी हात मागं घेतला नाही.

"घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही," ते म्हणाले.

मिस्त्रीनं रेसची तार बदलली, नट आवळला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्यानं सूनबाईला ती बंद करून पुन्हा तीनदा सुरू करायला लावली. शिंप्याच्या दारासमोर उस्तादांनी गाडी थांबवायला सांगितली, खिडकीतून मान काढली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, मिस्त्रीच्या कामात खोट नव्हती, माझ्या डोळ्यांत होती. शिंप्याची मशीन थांबली.

संध्याकाळी पोचल्याचा फोन आला. उस्ताद बोलत होते, नातू कसा, घाट कसा, सगळं. मिस्त्रीनं ऐकून घेतलं आणि फोन सूनबाईकडं द्यायला सांगितला.

"गाडी कुणी चालवली?"

"मीच."

"सगळा रस्ता?"

"सगळा. मामंजी शेजारी बसून ओरडत होते."

मग त्यानं फोन ठेवला.