दिलेला फटका

आखातातल्या आमच्या ऑफिसमध्ये गोल्फची हौस मोठी. टीव्हीवर खंडाखंडांच्या संघांचे सामने होतात, तसा आम्हीही इथल्या रिफा गावच्या मैदानावर दर हिवाळ्यात आशिया विरुद्ध युरोप असा सामना ठेवतो. यंदा आशियाचा एक खेळाडू आजारी पडला आणि नुकताच खेळ शिकलेल्या मला, अकाउंट्समधल्या माणसाला, घेतलं गेलं. शेवटच्या खड्ड्यापर्यंत बरोबरी होती. उरलेला एकच फटका माझा. चेंडू आत गेला की आशिया जिंकणार.

चेंडू खड्ड्यापासून हातभर दूर होता. युरोपकडून खेळणारे आमचे स्कॉटिश मॅनेजर म्हणाले, "दिला. उचला चेंडू."

इतका जवळचा फटका समोरच्याला न मारताच बहाल करायची या खेळात रीत आहे. पण मी घरातला पहिला पदवीधर. प्रत्येक मार्क स्वतः मिळवायचा, एवढंच शिकलेलो. "थँक यू सर, मारूनच दाखवतो," म्हणालो आणि मारला. चेंडू कडेला घासून बाहेर गेला.

"अहो, काय केलंत हे! खलास!" माझा पुणेकर जोडीदार ओरडला.

मॅनेजर हसले. "दिला म्हणजे दिला. तो नाकारता येत नाही, नियमच आहे. जिंकलात तुम्ही."

कॉलेजची सगळी वर्षं मी आमच्या शाळेतल्या बाईंच्या घरी जेवलो होतो. तेही दिलेलंच होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

फोटोच्या वेळी मी मागे सरकलो, तर जोडीदाराने चषक माझ्या हातात कोंबला. "यल्ला, चला, आता तरी घ्या!"

मी तो दोन्ही हातांनी घेतला.