चष्मेवाल्यांचा खोकला

चष्मेवाल्यांना आयुष्यात एकच प्रश्न विचारता येतो, असं त्यांची लेक म्हणते. "हे बरं की आधीचं बरं?" दुकान उघडल्यापासून शटर ओढेपर्यंत गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड तपासणीची फ्रेम चढवायची, तिच्यात काच सरकवायची आणि विचारायचं, हे बरं की आधीचं बरं? सवयच ती, सुटते थोडीच! लेकीचं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या जावयाकडे बघत त्यांनी तिच्या कानात हेच विचारलं. आधीचा कोणी नव्हताच हो, पण बिचारी अशी काही लाल झाली की जावयाला आजही थोडी शंका आहे.

आता अशा माणसाची बायको कोण असावी? तर शहरातल्या मोठ्या सभागृहात पाइप ऑर्गन वाजवणारी, जिच्या कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी लोक रांगेत भांडायचे, ती बाई. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाई म्हटलं की दुसरी कोणी डोळ्यांसमोर यायचीच नाही.

जमलं चष्म्यावरूनच. बाई दुकानात शिरल्या त्या तणतणत. जवळचा चष्मा लावला की समोरची स्वरलिपी पुसट, लांबचा लावला की तीच पुन्हा पुसट, आणि तुम्ही चष्मेवाले लोक करता तरी काय? चष्मेवाल्यांनी शांतपणे विचारलं, कागद डोळ्यांपासून किती लांब असतो? बाईंनी हात पुढे केला. "एवढा. नाही, एवढा. थांबा, एवढा असेल." चष्मेवाले म्हणाले, हे असं अंदाजपंचे चालायचं नाही, मी मोजायला येतो.

डबीत गुंडाळणारी मोजपट्टी खिशात घालून ते सभागृहाचा अरुंद जिना चढून वर माळ्यावर गेले. भिंतभर नळ्याच नळ्या, काही करंगळीएवढ्या, काही दोन मजले उंच. त्यांच्या पायथ्याशी बाई बसलेल्या, दोन्ही बाजूंना ओढल्या की नळ्या उघडणाऱ्या खुंट्या, खाली पायांनी दाबायच्या पट्ट्या. चष्मेवाले वाकून पट्टी त्यांच्या भुवईपाशी धरतात न धरतात तोच बाईंनी गंमत म्हणून सगळ्यांत जाड नळी वाजवली. चष्मेवाल्यांच्या पोटातलं अन्न हललं. मोजपट्टी हातातून सुटून सुर्रकन डबीत गेली. आणि बाई अशा काही हसल्या, अशा काही हसल्या, की चष्मेवाल्यांनी तिथल्या तिथे लग्न करायचं ठरवून टाकलं. माप अर्थातच चुकलं. ते मुद्दाम चुकवलं होतं, असं बाई शेवटपर्यंत म्हणायच्या आणि चष्मेवाले शेवटपर्यंत नाही म्हणायचे.

संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण बाईंची एक अडचण होती आणि ती ह्याच माणसाकडून सुटायची होती. झालंय काय, की वर नळ्यांना खेटून बसलेल्या माणसाला खाली शेवटच्या रांगेत काय पोहोचतंय ते कधीच कळत नाही. कानाशी एक नळी भोंग्यासारखी वाजत असते, बाकीचं देव जाणे. रिकाम्या सभागृहात तालीम करून उपयोग शून्य, कारण संध्याकाळी माणसं भरली की त्यांचे कोट, त्यांच्या शाली निम्मा आवाज पिऊन टाकतात. म्हणजे ऐन कार्यक्रमातच कोणीतरी सांगायला हवं. आणि सांगणार कसं? मागून ओरडून?

"अहो, तुम्ही खोका," बाई एकदा जेवताना म्हणाल्या.

"काय करू?"

"खोका. सभागृहात खोकणारी माणसं असतातच. त्यात तुमचा एक. कोण बघतंय?"

"आणि दुसरा कोणी खोकला तर?"

"तुमचा खोकला मी भर बाजारात ओळखेन."

ह्यावर चष्मेवाले जे खूश झाले ते दोन दिवस तसेच होते. दुसऱ्या कुठल्या बायकोनं नवऱ्याच्या खोकल्याचं एवढं कौतुक केलंय, सांगा बरं!

नियम ठरले. एक भाग संपून दुसरा सुरू होण्याआधी वाजवणारा जरा थांबतो, तेवढ्यात खोकायचं. एकदा खोकलं, तर जाड आवाज डोक्यावर बसतोय, कमी कर. दोनदा खोकलं, तर मागे काहीच पोहोचत नाहीये, वाढव. आणि नुसतं खाकरलं, म्हणजे झकास, असंच चालू दे. झालं! त्या दिवसापासून बाईंच्या प्रत्येक कार्यक्रमाला शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर चष्मेवाले. बाई वाजवायच्या आणि मनातल्या मनात विचारायच्या, हे बरं की आधीचं बरं? आणि ते खोकून उत्तर द्यायचे. पोटच्या लेकीलासुद्धा हे कळू दिलं नव्हतं दोघांनी. बाहेरच्यांना तर काय कळणार!

आणि मग तो सर्दीचा कार्यक्रम. आहाहा!

चष्मेवाल्यांना सडकून सर्दी झालेली. कोणी शहाणा माणूस घरी बसला असता. पण नाही, मी नाही गेलो तर तिचं कसं व्हायचं, म्हणून गळ्याला मफलर गुंडाळून हे हजर. पहिला भाग संपला. ह्यांना खोकला आला, एक. बाईंनी गुमान जाड नळ्या बंद केल्या. पुढच्या थांब्यावर दोन. बाईंनी पुन्हा उघडल्या. मग भर वाजवण्यातच एक, लगेच दोन, पुन्हा एक. बाईंचे हात खुंट्यांवर नुसते पळत होते, उघड, मिट, उघड, मिट. चष्मेवाले तोंडात मफलर कोंबून, डोळ्यांतून पाणी, जांभळे झालेले. आणि शेवटच्या भागाआधी, अगदी चिडीचूप शांततेत, धडाधड तीन!

तिनाचा नियमच नव्हता की हो! बाई क्षणभर थबकल्या. मग त्यांनी विचार केला असावा, की तीन म्हणजे आता होऊन जाऊ दे. हाताला लागतील तेवढ्या खुंट्या ओढल्या आणि दोन्ही पायांनी पट्ट्यांवर उतरल्या. छतावरची धूळ खाली पडली. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांची टोपी हलली म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. लोक उभे राहिले, ओरडत सुटले, टाळ्या थांबेचनात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं की बाईंनी वादनाचा एक नवाच, धाडसी ढंग शोधून काढला आहे.

"अहो, तीन म्हणजे काय होतं?" घरी आल्या आल्या बाईंनी विचारलं.

"तीन म्हणजे सर्दी होती गं!"

दोघं जिन्यातच बसली. हसून हसून पोट धरायची वेळ आली. शेजारणीनं दार उघडून पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

तेव्हापासून एक नियम वाढला. खरा खोकला झाला की चष्मेवाल्यांनी घरी बसायचं. एकदा हिवाळ्यात तशी वेळ आली. बाईंनी त्यांना दोन पांघरुणं घालून बसवलं, उठलात तर याद राखा म्हणाल्या आणि निघून गेल्या. चष्मेवाले रुसले. सभागृहवाले सगळेच कार्यक्रम रेकॉर्ड करायचे, पण नेमका तोच रेडिओवर लागला आणि नेमका तोच सगळ्यांत गाजला. बाईंचं सगळ्यांत उत्तम वादन कुठलं म्हटलं की जाणकार त्याचंच नाव घेतात. चष्मेवाल्यांनी तो आजवर ऐकला नव्हता. ज्यात आपण नाही ते आपण कशाला ऐकायचं!

बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. घर खायला उठतं, म्हणून चष्मेवाले दुकानात जास्त वेळ काढतात आणि संध्याकाळी गिऱ्हाईक सरलं की बाईंच्या कार्यक्रमांच्या जुन्या कॅसेटी लावतात. लोक त्यात बाईंची बोटं ऐकतात. चष्मेवाले आपला खोकला ऐकतात. आपण एकदा खोकलो, की पलीकडून ती लगेच जाड आवाज आवरते. दोनदा खोकलो, की वाढवते. घरात कधी एवढं ऐकलं होतं का तिनं? ते मोठ्यानं हसतात, मग चष्मा काढून पुसतात. ती बोलते अजून माझ्याशी, असं त्यांना वाटतं, आणि वाटतं ते काही खोटं नाही. फक्त कॅसेटी आता घासल्यात, रडतात मधूनच.

आणि अशात एका रेकॉर्डिंगवाल्याचा फोन आला. बाईंच्या सगळ्या कार्यक्रमांचा संच निघणार, मूळ फिती त्याच्याकडे आल्यात, गडी उत्साहानं नुसता उतू चालला होता. "लख्ख करतोय बघा सगळं! पण तुम्हाला सांगतो, कोणीतरी एक मनुष्य जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात खोकलाय. एकच मनुष्य! सापडला तर दोन मुस्काटात देईन. असो, पुसून काढतोय त्याला."

"हो ना," चष्मेवाले म्हणाले. "काय एकेक माणसं असतात."

फोन ठेवला आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसत बसले. लेक दुकानात आलेली होती. बाबा, काय झालं? बाबांनी कधी नव्हे ते सगळं सांगून टाकलं. लेक काउंटरला धरून इतकी हसली की समोरच्या चष्म्यांचा स्टँड गरगर फिरला. मग बाबांचा चेहरा बघून थांबली.

"सांगा ना त्यांना. पुसू नका म्हणावं."

"आणि लोक काय म्हणतील? बाई नवऱ्याच्या खोकल्यावर वाजवायची? माझ्या हौसेपायी तिचं नाव घालवू?"

"पण पुसलं तर?"

 पुसलं तर ती गप्प होणार होती, कायमची. दुसऱ्या दिवशी लेकीनं त्यांना हाताला धरून स्टुडिओत नेलं.

रेकॉर्डिंगवाल्यानं हौसेनं आधीचं आणि नंतरचं ऐकवलं. नंतरच्यात खोकला नव्हता. नुसती स्वच्छ शांतता, आणि मग बाई काही कारण नसताना एकदम आवाज कमी करत होत्या. फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकू यावं तसं ते झालं होतं. 

"अहो, वेडी नव्हती हो ती!" चष्मेवाले एकदम म्हणाले. "तो माणूस मी आहे. द्या मुस्काटात."

मग काय! सगळं बाहेर आलं. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय. रेकॉर्डिंगवाल्यानं मूळ फीत लावली आणि तीन खोकले आले तेव्हा तो खुर्चीवरून घरंगळायचा राहिला. "पुसत नाही!" तो ओरडला. "बाप रे, मी हे पुसणार होतो!"

"पण तिचं नाव," चष्मेवाले म्हणाले.

"कसलं नाव जातंय? हा हिवाळ्यातला कार्यक्रम बघा की. ह्यात तुम्ही नाहीच! एक खोकला नाही, आणि सगळ्यांत भारी वाजवलाय. तुमच्यावाचून बाईंचं काही अडत नव्हतं, हा पुरावाच आहे." आणि त्यानं तो लावलासुद्धा.

चष्मेवाले पहिल्यांदाच ऐकत होते. खरंच, काय वाजवत होती! जाड, बारीक, सगळं जागच्या जागी. कुणाच्या खोकल्याची गरज नव्हती तिला. त्यांना अभिमान वाटला आणि थोडं वाईटही वाटलं. संथ भाग संपला. पुढचा सुरू होईना.

"ही शांतता ऐका," रेकॉर्डिंगवाला कुजबुजला. "ह्या थांबण्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. एवढं थांबायची छाती कोणाची असते?"

चष्मेवाल्यांचा हात लेकीच्या हातावर घट्ट झाला. छाती कसली आलीय! त्यांना कळलं होतं. स्वतःच पांघरुणं घालून घरी बसवलं होतं आणि तिथे वर बसून, हजार माणसांसमोर, ही त्यांच्या खोकल्याची वाट बघत होती.

चष्मेवाल्यांनी घाईघाईनं खाकरलं. तोवर पुढचा भाग सुरू झाला होता.

"परत लावा," ते म्हणाले. हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "मला जरा उशीर झाला."