कोहळ्यातलं पान

पितृपक्ष आणि हॅलोविन यांत जेमतेम महिन्याचं अंतर असतं. तेवढ्या काळात इंग्लंडमधल्या, ब्रॅकनेलच्या आमच्या गल्लीचे नियम कसे उलटतात ते मी पाहिलं आहे, आणि अजूनही आठवलं की डोकं तापतं.

सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सासऱ्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण त्यांच्या तिथीला आई स्वतःच्या घरी नाहीत असं प्रथमच घडत होतं. मी आठवडाभर आधी यादी करून फ्रिजवर लावली. गवार, आमसुलं, केळीचं पान, सगळं हॅरोच्या भारतीय दुकानांतून आणलं. मिळाला नाही तो फक्त लाल भोपळा. नागपूरकडे त्याला कोहळं म्हणतात, आणि सासऱ्यांना त्या भाजीशिवाय पान पुरं वाटत नसे. मी त्याच जातीचा बटरनट स्क्वॉश आणून वेळ निभावली. आईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि चिरायला घेतला.

पान वाढून त्यांनी मागच्या बागेतल्या टेबलावर ठेवलं आणि खिडकीत उभ्या राहिल्या. कावळा शिवला म्हणजे सासरे जेवले. मग आपण जेवायचं. मी वर ऑफिसच्या कॉलवर होते. तेवढ्यात गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेजारच्या गृहस्थांनी आमच्या टेबलाचा फोटो टाकला. उघड्यावर शिजवलेलं अन्न ठेवलंय, उंदीर येतील, कौन्सिलला कळवावं लागेल. मी खाली आले तोवर नवऱ्याने पान उचलून सिंकशेजारी आणून ठेवलं होतं.

"अरे, कावळा येऊन राहिला होता ना! त्या छपरावर बसला होता," आई म्हणाल्या.

"आई, इथे असं नाही चालत. कशाला उगाच वाद?"

"वाद त्यांनी काढलाय," मी म्हटलं. "आपल्या बागेत, आपलं टेबल."

"राहू दे ना बापा," आई म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पुढे बरेच दिवस, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, मध्येच म्हणायच्या, "उपाशी गेले माझ्यापायी. यायलाच नको होतं मी इकडे."

ऑक्टोबर सरत आला तसं त्याच शेजाऱ्यांच्या अंगणात प्लॅस्टिकची थडगी उगवली. हिरवळीतून एक हाडांचा हात बाहेर आला. चेरीच्या झाडाला रक्ताळलेलं प्रेत लटकलं, जवळून गेलं की किंचाळणारं. ग्रुपवर लाल बदामांच्या इमोजींचा पाऊस. मी सरळ त्यांचं दार वाजवलं.

"ते प्रेत तेवढं काढाल का? माझ्या सासूबाई रोज इथून फिरायला जातात. त्यांचे यजमान गेलेत."

ते हसले. "गंमत आहे हो नुसती. आमची परंपराच आहे ही."

परंपरा! आमचं भाताचं पान म्हणजे घाण आणि यांचं लटकतं प्रेत म्हणजे परंपरा. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या किचनमध्ये मी हे तावातावाने सांगत होते, तर आयर्लंडची एक सहकारी म्हणाली, "माझी आजी त्या रात्री दाराला कडी लावायची नाही. चुलीपाशी खुर्ची आणि खायला ठेवायची, घरातली गेलेली माणसं येतात म्हणून. दिवे आम्ही टर्निप, म्हणजे शलगम, कोरून करायचो. भोपळे नंतर आले."

म्हणजे मुळात तेच. गेलेल्या माणसासाठी जेवण ठेवायचं. त्यातलं माणूस गेलं, जेवण गेलं, आणि किंचाळणारं प्लॅस्टिक तेवढं राहिलं. मी घरी येऊन हे चढ्या आवाजात सांगितलं.

आईंना प्रेताचं काहीच वाटलं नव्हतं. "खरं मरण पाहिलंय मी. त्या बाहुल्याले काय भ्यायचं? पण कोहळं फेकून राहिले गं हे लोक! दिवा कोरून आतला सगळा गर कचऱ्यात! मला एक आणून दे."

आता दुकानाच्या दारातच भोपळ्यांचे ढीग होते. मी मोठा पाहून आणला. आईंनी त्याचं झाकण कापलं, गर चमच्याने खरवडून काढला, आणि हॅलोविनच्या सकाळी मेथीदाण्याची फोडणी देऊन भाजी केली. भात, वडा, भाजी पोकळ भोपळ्यात केळीच्या पानाच्या तुकड्यावर वाढली आणि तो भोपळा पुढच्या पायरीवर ठेवला. साऱ्या गल्लीच्या पायऱ्यांवर भोपळे होते. आमचा एक आणखी.

"आई, तिथी नाहीये आज," नवरा म्हणाला.

"त्यांना भूक लागली असंल तर तिथी पाहतील का?"

शेजारी कुत्र्याला घेऊन चालले होते. भोपळा पाहून त्यांनी मला अंगठा दाखवला. "वा! यंदा तुम्हीपण!"

मी हसले नाही. थोड्या वेळाने कावळा त्यांच्या थडग्यावर बसला, इकडेतिकडे पाहत आमच्या पायरीवर उतरला आणि वडा घेऊन गेला. आईंनी तिथल्या तिथे हात जोडले.

"चला, पानं घ्या," त्या म्हणाल्या. "मलाही भूक लागली."

त्या दोन वेळा भात घेऊन जेवल्या. मी मात्र घास चावत नवऱ्याला म्हटलं, "पुढच्या वर्षी आई इथे नसतील. पान मी वाढणार, तिथीलाच, मागच्या टेबलावर. आणि ते तू उचलायचं नाहीस."

त्याने मान खाली घालून भाजी पुन्हा वाढून घेतली. "नाही उचलणार," तो म्हणाला.