उताणे उंदीर

मुलुंडच्या आमच्या औषध कारखान्यात साहेबाला सलाम न ठोकणारा माणूस एकच, दत्ताराम. तो प्रयोगाचे पांढरे उंदीर सांभाळायचा. दोन्ही हातांत उंदीर असताना सलाम ठोकायचा कसा, असा त्याचा बिनतोड सवाल होता.

त्याच्या मुलीला, नलिनीला, फेफरं यायचं. गोळीने झटके थांबत, पण पोर दिवसभर पेंगत राही. शेवटी शाळेने पटावरून तिचं नाव काढलं. गोळी चुकून झटका आलाच, तर भांडुपच्या चाळीतल्या शेजारणी हुंगवायला कांदा घेऊन धावत. दत्ताराम त्यांना बाजूला सारून मुलीला हलकेच कुशीवर वळवी.

सत्तावन्न साली आमच्या श्यामकांत डॉक्टरांनी भुलीचं एक नवं औषध तपासायला घेतलं. थोड्या मात्रेत ते उंदरांचे झटके थांबवतं का, आणि थांबवताना झोपवतं का, हे जुन्या गोळीशी ताडून बघायचं होतं. रीत सोपी. उंदीर उताणा ठेवायचा. आपण होऊन वळला तर जागा, नाहीतर झोपला. जुन्या गोळीचे उंदीर धाकू नावाच्या दुसऱ्या गड्याने हाताळले, कारण दत्ताराम तेव्हा गणपतीला गावी गेला होता. नव्या औषधाला मात्र तो हजर होता, आणि डॉक्टरांची नजर घड्याळावर.

निकाल झकास लागला. झटके बंद आणि उंदीर जवळजवळ सगळे जागे. दत्ताराम तडक हेडमास्तरांना भेटून आला, जूनपासून पोरगी येईल म्हणून. औषध बाजारात यायला वर्षं लागतात रे, असं मी, डॉक्टरांचा नवा मदतनीस, त्याला चिडवलं.

"तुमच्या कॉलेजात हसूक शिकवत नाय काय?" तो म्हणाला.

पडताळ्याच्या वेळी डॉक्टरांनी घड्याळ माझ्याकडे दिलं आणि स्वतः उंदराकडे बघत बसले. उंदीर उताणा पडून राहिला. दत्तारामचं बोट पुढे झालं आणि त्याने उंदराला हलकेच कुशीवर वळवलं.

"दत्ताराम, हे काय?"

तो स्वतःच्याच बोटाकडे बघत राहिला. "माका कळूकच नाय, सायेब."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आधीचे सगळे आकडे बाद करून त्यांनी धाकूला बोलावलं. दत्ताराम हात पाठीमागे बांधून दाराशी उभा राहिला. उताणे उंदीर उताणेच राहिले. ज्या मात्रेत झटके थांबत, त्याच मात्रेत झोपही लागत होती, जुन्या गोळीसारखीच.

शाळेत कळवायला दत्तारामने मला पाठवलं. हेडमास्तर म्हणाले, काळजी करू नका, आम्ही तिचं नाव घातलंच नव्हतं.