खात्री न देणारे सर

ऑपरेशन एकदम सक्सेस झालं, असा सरांच्या भावाचा, सलीमभाईंचा, मेसेज सकाळी आला. दुपारी त्यांचाच फोन आला, तांबोळी सर गेले. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होतो. वर्गात परत जाऊन राहिलेला धडा पूर्ण केला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. आता काही आठवडे झाले. वेळ गेला की दुःख निवळतं म्हणतात. माझं निवळलेलं नाही. त्याच्या तळाशी राग आहे, आणि तो कुणावर काढावा हे सरांनीच मला अवघड करून ठेवलं आहे.

सर सोलापुरात भूगर्भशास्त्र शिकवायचे. मी जवळच्या वळसंग गावचा, घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिलाच. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत मी एक दगड हातात घेऊन ठासून त्याचं नाव सांगितलं. सर म्हणाले, "नाव बरोबर आहे. पण एवढा आवाज कशाला? दगड काही भांडत नाही तुझ्याशी." मग विचारलं, "समज, हे चूक असलं, तर ते तुला कशावरून कळेल?"  विज्ञान म्हणजे पक्कं माहीत असणं, अशी माझी समजूत होती. आपल्याला किती माहीत नाही याचा प्रामाणिक अंदाज बांधणं हेही विज्ञानच, हे सरांनी शिकवलं. त्या शिकवणीवर आज माझं घर चालतं. सरांचं मात्र तिनं गावोगाव हसं केलं.

सुट्टीच्या दिवशी ते खेड्यांत फिरून बोअरची जागा सुचवत, फुकट. आमच्या रानात दिवसभर यंत्र लावून बसले आणि संध्याकाळी म्हणाले, "इथं घ्या. दहात सहा."

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते कळेना. "म्हंजी पाणी लागंल का न्हाय, तेवढं सांगा की."

"असल्या दहा जागी बोअर घेतला तर सहा ठिकाणी लागेल, आप्पा."

"आमचं रान तर येकच हाय की, सर."

सर यंत्राच्या वायरी गुंडाळत म्हणाले, "हो. अडचण तीच आहे."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पाणाड्याला आणलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर फिरला. बांधाजवळ नारळ उभा राहिला. "हितं घ्या. लागलं न्हाय तर नाव बदलंन," तो म्हणाला. पाणी लागलं, आणि गावात सरांची लई चेष्टा झाली. पुढच्या खेपेला सर आले, तांब्याभर पाणी प्याले, "गोड आहे" म्हणाले. परतताना मला एवढंच विचारलं, "वरच्या वस्तीवरही त्याचा नारळ उभा राहिला होता ना? तिथं नुसती धूळ निघाली. मग काय म्हणाला तो?" तो म्हणाला होता, बोअरच्या वेळी कुणीतरी चपला घालून उभं होतं.

सरांच्या यकृतात गाठ निघाली तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ सलीमभाई आणि मी बरोबर होतो. पहिले डॉक्टर वयस्कर होते. म्हणाले, "ऑपरेशन यांना झेपेल असं वाटत नाही. औषधांवर ठेवू. काही महिने बरे जातील, कदाचित जास्त. नक्की सांगता येणार नाही." हे ऐकून सर त्या आजारपणात पहिल्यांदाच निवांत दिसले. बाहेर आल्यावर ट्रकच्या धंद्यात मुरलेले सलीमभाई भडकले. "डॉक्टर कूच मालूम नै, तो काय कू बैठना इदर? अपने कू गॅरंटी होना."

गॅरंटी दुसऱ्या हॉस्पिटलात मिळाली. ऑपरेशन करा, शंभर टक्के चालत घरी जातील, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

"मला त्या म्हाताऱ्याकडंच राहू दे," सर मला म्हणाले. "त्याला त्याचं काम येतं." मी सलीमभाईंशी भांडलो. पण ते शंभर टक्के कानावर पडल्यावर भाभी, म्हणजे सरांच्या पत्नी, कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. कॉटवरून सर ते बघत होते. "जेवली बघ ती," म्हणाले. "चल, तिकडंच जाऊ."

सर गेल्यावर मी हॉस्पिटलात पोचलो, तेव्हा ते डॉक्टर बाहेर आले. "आम्ही आमचं काम केलं. पेशंटनं आतून साथ दिली नाही." आवाज तोच, शंभर टक्क्यांचा.

गेल्या रविवारी सरांची खोली रिकामी करायला सलीमभाईंनी मला बोलावलं. टेबलाखाली, कपाटावर, खिडकीत दगडच दगड. ते पोत्यात भरता भरता सलीमभाई थांबले. "तू भाई का शागिर्द. सच बोल. वो बुढ्ढे के पास रखते तो भाई जीते थे क्या?"

या प्रश्नाची मी इतके दिवस वाट पाहिली होती. 'जगले असते' म्हटलं असतं, तर सलीमभाई पुन्हा उभे राहिले नसते. 'नाही' म्हटलं असतं, तर त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागलं असतं. पहिलं म्हणायची मला फार इच्छा होती... पण खरं काय, ते मला माहीत नव्हतं. एकाच माणसाला दोन्हीकडे ठेवून बघता येत नाही.

"काही महिने मिळण्याची शक्यता होती," मी म्हणालो. "किती, ते मला सांगता येत नाही."

सलीमभाई म्हणाले, "तू भी वैसाच निकला. भाई जैसा." त्यात कौतुक नव्हतं. त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. ते एकट्याला उचलेना, म्हणून दुसरं टोक मी धरलं.