आईच्या परमिटावरची वाइन

वसंतमामाची जीप आमच्या गल्लीत शिरत नव्हती, म्हणून आईने माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेतली आणि शेवगावच्या बाजारतळापर्यंत आणून दिली. मी उचलते म्हटलं, तर म्हणाली, साडी चुरगळंल. मामा जीपमध्येच बसून होता. आईने ट्रंक मागे सरकवली, मामाच्या, म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या, तोंडावरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन बजावलं, "मामाच्या घरी उलटून बोलू नको. इचारलं तर सांग, न्हाई तर गप ऱ्हा."

गप्प राहणं मला जड नव्हतं. वडील गेल्यावर मामानेच मला नगरच्या इंग्रजी शाळेत बोर्डिंगला ठेवलं होतं; आता कोपरगावच्या कॉलेजसाठी मी त्याच्याच घरी राहणार होते. बोर्डिंगात मी इंग्रजीत गप्प राहायला शिकले होते, गावी आले की मराठीत गप्प राहत असे. शेवगावात अजून सांगितलं जातं की पोरगी शिकली आणि ज्याने शिकवलं त्यालाच चारचौघांत उघडं पाडलं. मामाने ते तसंच पसरवलं आहे. जे तिथे राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्या दोघांसाठी आज माझी बाजू लिहिते आहे. ती गोड करून लिहिण्याचा माझा विचार नाही.

मामा कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. कॉलनीतल्या त्याच्या बंगल्यासमोर लॉन होतं आणि दुष्काळाच्या वर्षीही ते हिरवं होतं. दर शनिवारी चार-पाच अधिकारी आणि त्यांच्या बायका पाळीपाळीने एकमेकांकडे जेवायला जमत. त्यांना खाण्याची आणि त्याहून जास्त खाण्याबद्दल बोलण्याची हौस होती. आठवडाभर कुणाकडे काय शिजलं, कोंबडीला व्हिनेगर कधी लावायचं, पोर्ट वाइन जेवणाआधी घ्यावी की नंतर, यावर तासन्‌तास चर्चा चाले. मामा ग्लास दिव्यासमोर धरून गोल फिरवी आणि वाइनला ‘बॉडी’ आहे म्हणे. बाकीचे माना डोलवत.

आमच्याकडची पाळी असली की माझं एक काम असे. सगळे बसले की मामा हाक मारी, "वेल, टेल अस, व्हॉट्स फॉर डिनर?" मग मी टेबलापाशी उभी राहून त्या रात्रीचे पदार्थ इंग्रजीत सांगायचे. माझे उच्चार शाळेतल्या नन्ससारखे होते, त्याचं त्यांना कौतुक वाटे. सांगून झालं की मी आत जाई. माझं ताट कुमुदमामीबरोबर मागून.

तेव्हा आई शेवगावजवळ दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कामावर खायला सुकडी मिळे, घरी रेशनची लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी. मिलोच्या भाकरीला वास येतो, असं तिने एकदाच कुणाकडून तरी लिहवून पाठवलं होतं. शनिवारी मी ‘रोस्ट चिकन’ म्हणायचे आणि माझ्या नाकात मी कधी न खाल्लेल्या भाकरीचा वास यायचा.

एके दुपारी ड्रायव्हर नगरहून बाटल्यांचं खोकं घेऊन आला. मामा कारखान्यात होता. ड्रायव्हरने परमिटं माझ्या हातात दिली आणि साहेबांच्या कपाटात ठेवा म्हणाला. त्या काळी परमिटाशिवाय बाटली मिळत नसे आणि एका परमिटावर ठरलेल्याच बाटल्या मिळत. मामाचं होतं, मामीचं होतं. तिसऱ्यावर माझ्या आईचं नाव होतं. सुभद्राबाई. पत्ता बंगल्याचा. प्रकृतीसाठी मद्याची आवश्यकता आहे, असा कॉलनीतल्या डॉक्टरांचा दाखला. खाली आईची सही होती. ‘भ’ मोठा, ‘द्रा’ खाली घसरलेला. ती सही तिला मी शिकवली होती, मेच्या सुट्टीत, चुलीपुढच्या राखेत बोट धरून.

आजोबा वारले तेव्हा विहिरीखालच्या जमिनीवरचा हक्क तिने अंगठ्याने सोडला होता. पुढे सही यायला लागली तेव्हा मामा एका दिवाळीला कागद घेऊन आला. पोरीच्या फीचा कागद आहे, अक्का, म्हणाला. आईने फार हौसेने सही केली होती. मी जवळच बसले होते. मामाने कागद दुमडून धरला होता, हे मला परमिट हातात धरल्यावर आठवलं.

मी परमिटं कपाटात ठेवली आणि कुणाला काही बोलले नाही. मला विचारलं नव्हतं.

तेवढ्यात टेबलावर नवी टूम निघाली. सगळ्यांना काळ्या मसाल्याचं गावरान मटण हवं होतं, तेही गावच्या बाईच्या हातचं. मामाने जीप पाठवून आईला आणवलं. तिला वाटलं, भावाने माहेरपणाला बोलावलं. धुवट नऊवारी नेसून, मामीसाठी मूठभर शेंगा बांधून ती आली. मामीने तिला मागच्या दाराने घेतलं आणि तिचे हात बघून म्हणाली, आधी साबणाने धुवा हं. खडीने फुटलेले हात साबणाने स्वच्छ होत नाहीत. आई तीनदा धूत राहिली. मग दिवसभर वाटण वाटलं, भाकरी थापल्या. मसाला हातांच्या भेगांत झोंबत असणार, पण ती मला म्हणाली, "तुझ्या मामाला तिखट लागतं बरं का, ल्हानपनापासून."

संध्याकाळी टेबल भरलं. दाखला देणारे डॉक्टर होते. कारखान्याच्या डिस्टिलरीवर नेमलेले एक्साइजचे, म्हणजे दारूबंदी खात्याचे, साहेबही होते. मामाने वाइन ओतली, ग्लास फिरवला आणि नेहमीसारखी हाक मारली, व्हॉट्स फॉर डिनर?

आता मला विचारलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, आईचा हात धरला आणि तिला टेबलापाशी आणून उभी केली. दुसऱ्या हातात कपाटातून काढून आणलेलं ते परमिट होतं. मी मराठीत बोलले. एकही शब्द चुकला नाही.

"मटण हिने केलंय. आणि तुमच्या ग्लासातली वाइन हिच्या परमिटावरची आहे. डॉक्टर, ही तुमची पेशंट. तुम्ही हिला तपासलं नव्हतं ना, म्हणून घेऊन आले."

कुणीतरी हसायला लागलं आणि थांबलं. डॉक्टर रुमाल शोधू लागले. एक्साइजच्या साहेबांनी ग्लास ठेवून दिला. एकटे असते तर कानाडोळा केला असता. पण सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी माझ्या हातातलं परमिट घेतलं आणि आईला विचारलं, "बाई, ही सही तुमची?"

"माझीच," आई म्हणाली. "पोरीच्या फीसाठी केलती."

साहेबांनी ते परमिट काय आहे हे तिला समजावून सांगितलं. आईने पदर सावरला आणि भावाकडे बघितलं.

"वसंता, बापाच्या वावरात माझं नाव नको म्हनलास, मी काढून दिलं. दारूला चाललं व्हय माझं नाव?"

मामा म्हणाला, अक्का, तुला कळत नाही, आत जा. ती आत गेली नाही. साहेब मात्र परमिट खिशात घालून निघाले. मागोमाग डॉक्टर. मटणाला कुणी हात लावला नाही. खाण्यावर इतकं बोलणारी माणसं उपाशी गेली, याचा मला तेव्हा आनंद झाला होता. लिहितानाही होतो आहे.

पुढे मामाची चौकशी झाली, शनिवार बंद पडले, कॉलनीत त्याच्याकडे कुणी जाईना. माझं कोपरगावचं कॉलेज अर्ध्यात सुटलं. सकाळच्या एस.टी.त आई माझ्याशी बोलली नाही. नगरच्या स्टँडवर उतरताना एवढंच म्हणाली, "खरं बोललीस. पर माझं म्हायेर मोडलंस."

तिचं ते वाक्य मी खोडून काढू शकत नाही. मी फक्त एवढं म्हणते की ते माहेर मागच्या दाराचं होतं.

आता मी पुण्यात आहे. एका ऑफिसात टायपिस्ट. सदाशिव पेठेत एक खोली, गॅलरीत मोरी. आई माझ्याकडे आली, तिच्या हातांच्या भेगा भरून आल्या. शेवगावची बोली ती सोडत नाही, मला कधी कधी शब्द अडतात. पाट्यावरचा काळा मसाला ती शेजारणींना देते आणि त्या विचारतात तेव्हा सांगतेही, पण घाईने वाटू नका म्हणते.

मागच्या महिन्यात मामा आला. जेवायच्या वेळेला, न सांगता. बदली झाली होती, दंडावरचा शर्ट सैल झाला होता. दारात उभा राहून म्हणाला, अक्का, आत येऊ का? आईने मला ताट घ्यायला सांगितलं. मी उठले नाही. तिने स्वतः घेतलं, त्याला वाढलं आणि आपलंही ताट त्याच्या समोर घेऊन बसली. भाऊ जेवत असताना जेवायला बसलेली मी तिला आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्याने दोनदा पाणी मागितलं. दोन्ही वेळा तिनेच दिलं. जाताना तो माझ्याकडे बघत राहिला. मी काही बोलावं, असं त्याला वाटत असावं.

आईने त्याला माफ केलं असेल. तिचा भाऊ आहे, तो हक्क तिचा. रात्री तिने मला विचारलं, तू बोलली का न्हाईस? मी म्हटलं, मला नाही बोलायचं. बरं, म्हणाली, आणि माझ्या अंगावर पांघरूण टाकलं. शेवगावात ती मला समजावत बसली असती, बंगल्यात मला बोलावंच लागलं असतं. या खोलीत तसं काही नाही. इथे आई तिच्या भावाला जेवू घालते, मी त्याला माफ करत नाही, आणि दोघी एकाच दिव्याखाली झोपतो. घर म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगेन.