जागेवर आहे

नाना दगड उचलत, डोळ्यांजवळ धरून पाहत आणि पुन्हा खाली ठेवत. ठेवताना त्याची ओली बाजू खालीच जाईल याची काळजी घेत. एकदा पांझरेच्या काठी मी एक गोटा पाहून भिरकावला. नाना धोतर सावरत वीस-पंचवीस पावले गेले, तो शोधून आणला आणि होता त्या खळग्यात नीट बसवला.

"दगड उताणा टाकू नये, गणितवाले," म्हणाले. "त्याच्याखाली कोणीतरी राहत असतं."

धुळ्याच्या आमच्या शाळेत ते ड्रॉइंग मास्तर होते आणि मी गणिताचा नवा, हंगामी शिक्षक. त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, मला पंचविसावे लागले होते. स्वातंत्र्याला अजून दहा-बारा वर्षे होती. दर रविवारी ते दगड बघायला निघत. लळिंगच्या डोंगराची उतरण, रस्त्याच्या कामाच्या खाणी, नव्याने खणलेल्या विहिरींचे ढीग, हे त्यांचे देव. आमच्या काळ्या कातळाच्या पोटात कुठे कुठे पोकळी असते आणि तीत गारगोटीचे, अकीकाचे, कधी हिरवट काचेसारखे स्फटिक दाटलेले असतात. मला त्याचे फारसे कौतुक नव्हते. पण परगावचा एकटा माणूस, रविवार कसा काढावा ते कळत नसे, म्हणून बरोबर जाई.

त्यांची पिशवी साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. शाळेतला एक भिंतीवरचा नकाशा फाटला, तेव्हा त्याच्या कापडाची ती त्यांनी स्वतः शिवली होती. समुद्राचा निळा तुकडा नेमका बाहेरच्या अंगाला आला होता. शेतकरी म्हणत, मास्तर समुद्र खांद्यावर टाकून हिंडतात.

नानांचे कायदे मात्र कडक. शेतात पाऊल टाकण्याआधी मालकाला हाक मारायची. बाजूला केलेली काटी पुन्हा कुंपणाला लावायची. उकरलेला खड्डा बुजवायचा. एका जागेवरून एकच दगड, आणि तोही पडलेला; कातळातून फोडून कधीच नाही. खाणीत ठेकेदाराला विचारून त्यांचे भागत नसे. ज्या वडाराच्या घणाखाली तो दगड फुटला, त्यालाही विचारत. घरी आल्यावर दगडाला चिठ्ठी लागे, तिच्यावर तीनच ओळी: गाव, शेत, देणारा. नदीतल्या दगडावर 'देणारी: पांझरा' असे लिहीत. नदीला कसे विचारलेत, अशी मी थट्टा केली, तर म्हणाले, "नदीला विचारायचं म्हणजे दुसरा उचलायचा नाही."

'सापडला' हा शब्द त्यांना खपत नसे. "सापडतं ते हरवलेलं. दगड कुठे हरवलेला असतो? तो आपल्या घरीच असतो. आपल्याला कोणीतरी देतं."

त्यांच्या पेटीत चाळीसएक दगड असतील. न घेतलेल्यांची मात्र मोठी वही होती. जो दगड आवडला पण उचलण्याजोगा नव्हता, त्याचे ते तिथेच बसून चित्र काढत. खाली गाव, शेत आणि मग दोन शब्द: 'जागेवर आहे.' वही चाळताना ते दोन शब्द ज्या समाधानाने वाचत, तसे समाधान मी त्यांना पेटी उघडतानाही पाहिले नाही.

सोनगीरच्या वाटेवरच्या एका खेड्यात दगडू आबांची विहीर चालू होती. सुरुंग उडाला आणि चार पुरुष खोलीवर, बाजूच्या भिंतीत, एक कोनाडा उघडा पडला. आत पांढऱ्या स्फटिकांचा गालिचा आणि मधोमध मुठीएवढा हिरवट झुबका. आबांनी स्वतः निरोप धाडून नानांना बोलावले. वर खाट टाकली, गुळाचा चहा केला, आणि सगळाच झुबका देऊ करत आपल्या अहिराणीत म्हणाले, "मन्हं नावच दगडू शे, मास्तर. माले काय दगडनी नवाई? बठ्ठा लई जा."

नाना दोराने खाली उतरले, कोनाड्याभोवतीचा कातळ बोटांनी चाचपला आणि वर आले. तो थर सुटा आहे, म्हणाले. खालून बांधकाम वर येईपर्यंत तिथे छिन्नी लावायची नाही. लावली तर भिंत बसेल आणि नुकता लागलेला झरा बुजेल. त्यांनी ढिगातला एक लहान तुकडा विचारून घेतला आणि पुन्हा उतरून कोनाड्याचे चित्र काढले. निघताना आबांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, की माझ्याबरोबरचा कोणीही माणूस तुम्हाला विचारल्याशिवाय या विहिरीत उतरणार नाही. त्यांच्याबरोबरचा माणूस मी एकटाच होतो.

पुढच्या महिन्यात शाळा तपासायला वरिष्ठ साहेब येणार होते. त्यांना दगडांचा शौक आहे, असे कोणीतरी बोलले. मला कायम व्हायचे होते. मी नानांकडे एक चांगला दगड मागितला. ते रागावले नाहीत. दिलेली वस्तू पुढे द्यायची तर देणाऱ्याला विचारावे लागते, म्हणाले. "चला, रविवारी आबांकडे जाऊ. तुम्हीच विचारा. ते नाही म्हणायचे नाहीत."

एवढेच करायचे होते. पण मी कॉलेजात शिकलेला माणूस. गुडघाभर मातीत उभ्या असलेल्या शेतकऱ्यापुढे एका दगडासाठी तोंड वेंगाडायचे, याची मला लाज वाटली. लाज कशाची वाटायला हवी हे तेव्हा कळत नव्हते. मी रविवारी काम आहे म्हणालो, आणि दोन दिवसांनी पुस्तके न्यायची आहेत असे सांगून त्यांची पिशवी मागून घेतली.

गावच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी, शेतावर कोणी नसताना मी विहिरीत उतरलो. सुतारकामाच्या वर्गातली छिन्नी आणि हातोडी पिशवीत होती. हिरवा झुबका तीन घावांत सुटला. चौथा घाव उगाच घातला, कडेचे स्फटिकही हवेत म्हणून. तेव्हा कातळात काहीतरी करकरले. मी झुबका सदऱ्यात गुंडाळला, दोर धरून वर आलो आणि पळालो. पिशवी काठावर राहिली.

साहेबांनी तो दगड उजेडात फिरवून पाहिला आणि कुठला म्हणून विचारले. मी म्हणालो, "सापडला."

तिसऱ्या दिवशी भिंत बसली. सुदैवाने मजूर भाकरी खायला वर आले होते. पण झरा बुजला, आणि चार महिन्यांचे खणणे ढिगाऱ्याखाली गेले.

दगडू आबा शाळेत आले ते मधल्या सुट्टीत. ड्रॉइंगच्या खोलीत नाना रंगांच्या वाट्या धूत होते आणि मी खिडकीशी उभा होतो. आबांनी आवाज चढवला नाही. निळा समुद्र वर येईल अशी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, मांगता तं मी दिन्हा नसता का?"

नानांनी पिशवीकडे पाहिले. मग माझ्याकडे, अगदी क्षणभर. मी बाहेर पाहू लागलो. मैदानात मुले लंगडी खेळत होती; त्यातला कोण कितव्यांदा बाद झाला हेसुद्धा मला आजही आठवते.

"पिशवी मनी शे, आबा," नाना म्हणाले. "बोल बी मनाच व्हता."

आबा गेल्यावर त्यांनी वाट्या पुसून पालथ्या मांडल्या. मी ओरडा खाण्याच्या तयारीने उभा होतो. दारातून जाताना ते थांबले. "उतरताना कुठे लागलं नाही ना?" एवढेच विचारले. त्या गोष्टीबद्दल ते माझ्याशी थेट बोलले ते हे एकच वाक्य.

त्या उन्हाळ्यात दर रविवारी, आणि सुट्टी लागल्यावर रोज, नाना त्या विहिरीवर जाऊन ढिगारा उपसत. पाट्या वाहून त्यांच्या डोक्यावर चट्टा पडला. पोरे 'दगडचोर मास्तर' म्हणून चिडवत, तर हसत. झरा मोकळा झाला तेव्हा ते थांबले. मी एकदाही गेलो नाही. जूनमध्ये मला कायम केल्याचा कागद आला आणि पहिला पेढा मी नानांच्याच हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला.

पुढच्या वर्षभरात त्यांनी पेटीतला एकेक दगड परत नेऊन दिला. चिठ्ठी वाचायची, त्या गावी जायचे, देणाऱ्याच्या हातात ठेवायचा. लोकांना वाटले, मास्तरांचे डोके फिरले. मी का म्हणून विचारले, तेव्हा साध्या आवाजात म्हणाले, "बोलावर मिळाले होते." नदीचे दगड त्यांनी नदीत ठेवले, ओली बाजू कोणती ते आठवून आठवून.

निवृत्त झाल्यावर ते अमळनेरला मुलीकडे गेले. त्यांचे दुखणे फार वाढले आहे असे कळले तेव्हा मी आगगाडीने भेटायला गेलो. वाटभर वाक्ये जुळवली होती. त्यांच्या खाटेशी बसून मी पावसाबद्दल बोललो, शाळेच्या नव्या इमारतीबद्दल बोललो, आणि उठलो. त्यांनी मुलीला खूण केली. तिने वही आणून माझ्या हातात दिली. आठ दिवसांनी ते गेले.

गेल्या चैत्रात दगडू आबांच्या खेड्यात गेलो. आता मी तेव्हाच्या नानांहून कितीतरी म्हातारा आहे. विहिरीला भरपूर पाणी आहे आणि गाव तिला 'मास्तरांची विहीर' म्हणते. आबांच्या नातवाला मी नावाचे कारण विचारले. एक मास्तर होता, म्हणाला, त्याने इथला दगड चोरला आणि मग त्यालाच उपसायला लावले. आमचे आबा सांगायचे. मी म्हणालो, चोरणारा तो नव्हता, दुसरा होता. "मग दुसरा कोण?" त्याने विचारले. मी म्हणालो, आता आठवत नाही. आणि त्याच्या घरचा चहा पिऊन परतलो.

नानांच्या वहीत त्या कोनाड्याचे पान आहे. पांढरा गालिचा, मध्ये झुबका. एकेक पैलू टोकदार पेन्सिलीने काढलेला. खाली गाव आणि शेत लिहिले आहे. 'जागेवर आहे' हे शब्द एका सरळ रेघेने खोडले आहेत. त्याखाली चिठ्ठीवर लिहीत तसे 'देणारा' असे लिहून पुढची जागा त्यांनी मोकळी सोडली आहे. इतकी वर्षे मी ते पान उघडून मिटत आलो.

आज ती ओळ भरली. देणारा: कोणी नाही. घेणारा: आणि पुढे माझे पूर्ण नाव, शाळेच्या हजेरीपटात होते तसे.

वही उद्या आबांच्या नातवाकडे पाठवतो आहे. त्याला वाचता येते.